धक्क्यावरचे छायाचित्र

आमच्या बडोद्याच्या जुन्या घरी, माजघरातील फडताळात, जाड काळ्या पानांचा एक आल्बम असे. दर दोन पानांमध्ये तलम पांढरा कागद, आणि छायाचित्रांचे चारही कोपरे लहान लहान त्रिकोणी खिशांत अडकवलेले. त्यातील एका पानावर बडोदे स्टेशनचा फलाट होता. साल १९६२. आमचे धाकटे काका लष्करात होते आणि रजा संपवून परत निघाले होते. ते गाडीच्या दारात उभे आहेत, हातात फिरकीचा तांब्या आहे, चेहऱ्यावर हसू आहे. आजीचा एक हात पुढे आलेला दिसतो. ती बहुधा फराळाच्या डब्याची पिशवी त्यांच्याकडे देत असावी. आणि छायाचित्राच्या अगदी कडेला, कोणाच्या तरी बोटाला धरून, चार वर्षांचे आम्ही उभे आहोत.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तार आली. काका ईशान्य सीमेवरील लढाईत कामी आले होते.

तो फलाटावरचा दिवस आपल्याला लख्ख आठवतो, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे सांगत आलो. इंजिनाची शिटी, कोळशाचा वास, काकांनी आमच्या गालाला काढलेला चिमटा. पण खोलात जाऊन विचार करू लागलो, म्हणजे मन साशंक होते. शिटी आणि वास तर छायाचित्रात असत नाहीत. ते आम्ही कोठून आणले? घरात ते छायाचित्र इतक्या वेळा पाहिले गेले, दाखवले गेले, की आम्हास आठवतो तो दिवस, की ते छायाचित्र, हे आज शपथेवर सांगता येणार नाही.

हे सारे पुन्हा मनाच्या पृष्ठभागावर येण्यास निमित्त झाला एक फ्रेंच चित्रपट. एका स्नेह्यांच्या आग्रहावरून मध्यंतरी तो आम्ही पाहिला. नाव 'ला जेते'. निर्मितीचे साल, योगायोगाने, तेच, १९६२. लांबी अवघी २८ मिनिटे. विज्ञानकथेवर आधारलेले चित्रपट म्हणजे अग्निबाण, यंत्रमानव आणि डोळे दिपवणारी आतषबाजी, अशी आपली समजूत असते. येथे त्यातले काहीही नाही. येथे आहेत, एकामागून एक येणारी, काळी-पांढरी, स्थिर छायाचित्रे.

'जेते' म्हणजे धक्का. मुंबईचा भाऊचा धक्का असतो, तसा. येथे मात्र तो पॅरिसजवळील ओर्लीच्या विमानतळावरचा आहे. विमाने उतरताना आणि उडताना पाहता यावीत म्हणून प्रेक्षकांसाठी मोकळा ठेवलेला लांबलचक सज्जा. ओर्लीची नवी इमारत १९६१ च्या फेब्रुवारीत द गॉल यांच्या हस्ते खुली झाली होती आणि रविवारी मुलाबाळांना घेऊन विमाने पाहावयास जाणे ही पॅरिसकरांची हौस झाली होती. आपल्या भाषेत धक्का या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, आणि चित्रपट संपतो तेव्हा तोच आधी आठवतो.

चित्रपटाचे कर्ते क्रिस मार्केर (१९२१-२०१२) हे एक विलक्षण गृहस्थ होते. हे त्यांचे खरे नावही नव्हे. ते धारण केलेले नाव. आयुष्यभर कॅमेरा हाताळणाऱ्या या माणसाला स्वतःचे छायाचित्र काढून घेणे मुळीच रुचत नसे. कोणी मागितलेच, तर ते मांजराचे चित्र पाठवून देत. नाझी छळछावण्यांवरील 'रात्र आणि धुके' या आलँ रेने यांच्या प्रसिद्ध माहितीपटासाठी पन्नाशीच्या दशकात त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले होते. युद्ध संपले, तरी युद्धाची आठवण कशी संपत नाही, हा त्यांच्या चिंतनाचा विषय त्या काळापासूनचा होता.

कथा अशी आहे. एक लहान मुलगा रविवारी आईवडिलांबरोबर ओर्लीच्या धक्क्यावर आला आहे. सज्जाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका तरुणीचा चेहरा त्याच्या दृष्टीस पडतो. एकाएकी गलबला होतो, तिच्या चेहऱ्यावर भीती उमटते, एक मनुष्य कोसळतो. आपण एका माणसाचा मृत्यू पाहिला, हे त्या मुलाला पुष्कळ दिवसांनी उमगते. त्यानंतर थोड्याच काळाने तिसरे महायुद्ध होते. पॅरिस बेचिराख होते. किरणोत्सर्गामुळे जमिनीवर राहणे अशक्य होते, म्हणून वाचलेले लोक शायो राजवाड्याखालच्या भुयारांत आश्रय घेतात. तेथेही काही जेते आहेत आणि बाकीचे कैदी.

अन्न, औषधे, ऊर्जा, सर्वांचाच तुटवडा आहे. पृथ्वीवर कोठे जावे, तर मार्ग उरलेला नाही. मग एकच वाट राहते, काळाची. भूतकाळात आणि भविष्यकाळात दूत पाठवून वर्तमानासाठी मदत मागावयाची. त्यासाठी कैद्यांवर प्रयोग चालतात; कोणी मरतात, कोणी वेडे होतात. अखेर तो मुलगा, जो आता प्रौढ झालेला एक कैदी आहे, निवडला जातो. का? तो बुद्धिमान आहे म्हणून नव्हे, शूर आहे म्हणूनही नव्हे. भूतकाळातील एका चित्राला, त्या तरुणीच्या चेहऱ्याला, तो इतका घट्ट चिकटून आहे, की काळाच्या धक्क्याने त्याचे मन फुटणार नाही, असा प्रयोगकर्त्यांचा हिशेब आहे. माणसाजवळची सर्वांत खाजगी वस्तू म्हणजे त्याची आठवण. आणि सत्ताधाऱ्यांना तिचाच उपयोग करून घ्यावयाचा आहे.

कैद्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला झोळण्यात निजवतात. बाजूला पांढरपेशे दिसणारे, चष्मा लावलेले लोक जर्मन भाषेत कुजबुजत असतात. त्यांच्या प्रमुखाच्या भूमिकेत झाक लदू हे गृहस्थ आहेत. ते व्यवसायाने नट नव्हते, तर बेल्जियमच्या चित्रपट-संग्रहालयाचे प्रमुख होते. जुने चित्रपट जतन करण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला मार्केर यांनी दुसऱ्याची स्मृती उकरणाऱ्याचे काम द्यावे, ही निवड सहज झालेली असेल असे आम्हास वाटत नाही.

शायो राजवाड्याविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच वास्तूत १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. ती बदलून 'सर्व मानव' असे म्हणावयास लावण्याचे श्रेय हंसाबेन मेहता यांना दिले जाते. याच हंसाबेन पुढे आमच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. ज्या छपराखाली माणसाच्या प्रतिष्ठेची घोषणा झाली, त्याच्याच पायाखाली मार्केर यांनी आपली छळछावणी कल्पिली. चित्रपटात याचा उच्चारही नाही. परंतु ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा उभा राहतो.

त्या काळच्या फ्रेंच प्रेक्षकाला तर हे सर्व फार दूरचे वाटले नसणार. जर्मनांनी पॅरिस व्यापले ते १९४० ते १९४४ ही चार वर्षे ताजीच होती. अल्जीरियातील आठ वर्षांचे युद्ध १९६२ च्या मार्चमध्ये नुकतेच थांबले होते, आणि तेथे फ्रेंच सैन्याने कैद्यांचा केलेला छळ गुपित राहिलेला नव्हता. त्याच वसंतात मार्केर पॅरिसच्या रस्त्यांवर हिंडून सामान्य माणसांना त्यांच्या जगण्याविषयी प्रश्न विचारीत होते. त्यातून 'सुंदर मे महिना' हा त्यांचा मोठा माहितीपट तयार झाला. त्या कामातून सवड मिळेल तशी 'ला जेते'ची छायाचित्रे त्यांनी घेतली. आणि ऑक्टोबरमध्ये क्यूबाच्या प्रश्नावरून अमेरिका व रशिया अण्वस्त्रे रोखून एकमेकांसमोर उभे ठाकले. आपल्याकडे त्याच ऑक्टोबरात हिमालयात तोफा धडाडत होत्या. पुढे १९६५ आणि १९७१ साली खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवून, दिवे मालवून बसलेल्या बडोद्यातील रात्री आमच्या पिढीला विसरता येणाऱ्या नाहीत. भुयारातील माणसे पाहताना आम्हास पॅरिस आठवले नाही. भोंगा वाजल्यावर जिन्याखाली अंग चोरून बसलेली आमची भावंडे आठवली.

आता चित्रपटाच्या रचनेकडे वळू. आपण ज्याला चलच्चित्र म्हणतो, ते वस्तुतः स्थिर चित्रांचेच बनलेले असते. सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात आणि आपली नजर त्यांचा धागा जोडून हालचाल निर्माण करते. मार्केर यांनी तो धागाच काढून घेतला. साध्या छायाचित्रांच्या कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे पडद्यावर येतात, काही क्षण ठरतात, एकमेकांत विरघळतात. सोबतीला एका निवेदकाचा संथ स्वर, हृदयाचे ठोके, कुजबुज, मधूनच प्रार्थनागीताचे सूर. प्रथम हे चमत्कारिक वाटते. पाचएक मिनिटांनी मात्र जाणवते, की आठवणी आपल्याला अशाच दिसतात. गेलेल्या माणसाची आठवण चालतबोलत येत नाही. दारात उभी असलेली आई, पाठमोरे वडील, अर्धवट वळलेली एक मान, अशी तुटक चित्रे येतात, आणि मधल्या रिकाम्या जागा आपण भरतो. आम्ही शिटी आणि कोळशाचा वास भरला, तसेच.

प्रयोगाच्या दहाव्या दिवशी कैद्याला भूतकाळ दिसू लागतो. शांततेच्या काळातली एक सकाळ, शांततेच्या काळातली एक खोली, खरी मुले, खरे पक्षी, खरी मांजरे. आपण ज्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, त्या वस्तू त्याला ऐश्वर्यासारख्या वाटतात. मग ती भेटते. दोघे बागेत हिंडतात, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात रमतात. तो कोठून येतो आणि एकाएकी कोठे नाहीसा होतो, हे ती विचारीत नाही. त्याला आपले भूत म्हणून ती मोकळी होते. त्याच्या गळ्यात युद्धाच्या आरंभी मिळालेली सैनिकाची ओळखमाळ आहे. ती कसली, असे ती विचारते तेव्हा तो काहीतरी थाप मारतो. जे युद्ध तिच्यासाठी अजून घडावयाचे आहे, त्याची खूण तिला कशी सांगावी?

एका प्रसंगी दोघे एका प्रचंड वृक्षाच्या कापलेल्या खोडापुढे उभी राहतात. खोडावरील वर्तुळांशी इतिहासातील सनावळ्या लिहिलेल्या आहेत. तो हात वर करून खोडाच्या बाहेरची, मोकळ्या हवेतील जागा दाखवतो. मी तेथून आलो, असे त्याचे सांगणे. हिचकॉक यांच्या १९५८ सालच्या 'व्हर्टिगो' चित्रपटातील अशाच एका प्रसंगाला मार्केर यांनी केलेले हे वंदन होय. त्या चित्रपटातही एक पुरुष गेलेल्या स्त्रीला आठवणीतून परत उभे करू पाहतो.

आणि मग तो क्षण येतो, ज्यासाठी रसिक हा चित्रपट पुन्हापुन्हा पाहतात. सकाळची वेळ. ती निजलेली आहे. तिची चित्रे एकमेकांत मिसळत आहेत, पाखरांचा किलबिलाट वाढत चालला आहे. आणि अकस्मात ती डोळे उघडते, पापण्या मिटते, पुन्हा उघडते. हे छायाचित्र नव्हे. ही खरीखुरी हालचाल आहे. २८ मिनिटांच्या चित्रपटात हालचाल असलेले दृश्य एवढेच, काही सेकंदांचे. आपण दिवसातून हजारो वेळा पापण्या मिटतो. पण तेथे ते पाहून आमच्या छातीत चर्र झाले. आठवण जिवंत झाली होती. या माणसाला जे हवे होते, ते त्याला मिळाले होते.

पण ज्या क्षणी चित्र हलू लागते, त्या क्षणापासून त्यातील माणसाचा काळही पुढे सरकू लागतो. हे त्याच्या ध्यानात येत नाही.

भूतकाळातील प्रयोग यशस्वी झाल्यावर त्याला भविष्यात पाठवतात. पुन्हा वसलेल्या पॅरिसमधील लोक प्रथम त्याला झिडकारतात. मानवजात तगली आहे, तेव्हा आपल्याच भूतकाळाला तगण्याचे साधन नाकारता येणार नाही, असा युक्तिवाद तो करतो आणि साऱ्या जगाचे उद्योग पुन्हा चालू होतील एवढे ऊर्जेचे साधन घेऊन परततो. कामगिरी फत्ते झाली. आता छावणीवाल्यांना त्याची गरज नाही. त्याचे मरण ठरलेले आहे. तेव्हा भविष्यातील लोक त्याला स्वतः होऊन बोलावतात, आमच्यात येऊन राहा म्हणतात. तो नकार देतो. त्याचे मागणे एकच आहे. मला माझ्या बालपणीच्या त्या रविवारी परत पाठवा. ती तेथे उभी असेल.

त्याची इच्छा पुरी होते. ओर्लीचा धक्का, कोवळे ऊन, रविवारची गर्दी. याच गर्दीत कोठेतरी लहानपणीचा तो स्वतःही असणार, हे त्याला जाणवते. सज्जाच्या टोकाला ती दिसते आणि तो धावत सुटतो. तोच छावणीतील एक माणूस त्याच्या नजरेस पडतो, जो त्याच्या मागावर येथवर आला आहे. अखेरच्या क्षणी त्याला उमगते, की बालपणी ज्याचा मृत्यू आपण पाहिला आणि जो जन्मभर विसरू शकलो नाही, तो मनुष्य आपणच होतो.

वाचकहो, शेवट सांगितला म्हणून आमच्यावर रागावू नका. शेवट ठाऊक असूनही हा चित्रपट उणा होत नाही. १९६३ साली त्याला फ्रान्समधील मानाचा झाँ व्हिगो पुरस्कार मिळाला. या कथेवरूनच टेरी गिलियम यांनी १९९५ साली 'ट्वेल्व्ह मंकीज' हा मोठा अमेरिकन चित्रपट काढला; त्यात अणुयुद्धाची जागा साथीच्या रोगाने घेतली. तोही पाहण्यासारखा आहे. परंतु आमचे मत विचाराल, तर मूळचे छोटे बीज त्या वृक्षाहून बलवान आहे.

काळाच्या उलट्या वाटेने युद्धाकडे परत जाण्याची ओढ आपल्याला अपरिचित नाही. डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा अनेकांनी वाचली असेल. तीत इतिहासाचा एक प्राध्यापक अशा हिंदुस्थानात जाऊन पोहोचतो, की जेथे १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. नारळीकरांचे बालपण काशीत, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर गेले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आपल्या घरांत पानिपत ही काही पाठ्यपुस्तकातली गोष्ट नव्हे. त्या लढाईत गेलेल्या पूर्वजांच्या कहाण्या पुष्कळ घरांत अजून सांगितल्या जातात. तसे झाले नसते तर, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आलो. पण गंगाधरपंत परत येतात. आपल्या जगात, हरलेल्या पानिपताच्या जगात, त्यांना पुन्हा नांदावे लागते. मार्केर यांचा नायक परत येत नाही. दोन्ही कथाकारांचे सांगणे शेवटी एकाच जागी येऊन मिळते, असे आम्हास वाटते. भूतकाळात जाता येते, तेथे राहता मात्र येत नाही.

महाराष्ट्रापासून दूर वाढलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट अधिक लागू आहे. आपण मागे राहिलेल्या गावांची, वाड्यांची, संस्थानी वैभवाची चित्रे उराशी धरून दोन-अडीचशे वर्षे काढली. त्या चित्रांनीच आपल्याला परमुलखात मराठी ठेवले, हे खरे. भुयारातील त्या कैद्यालाही एका चित्रानेच तगवले. त्याच बळावर त्याने साऱ्या जगासाठी मदत आणली, हेही विसरून चालणार नाही. त्याची चूक आठवण जपण्यात नव्हती. पुढे जाण्याचे दार उघडे असताना त्याने मागच्या दारातून आत शिरण्याचा हट्ट धरला, तेथे तो चुकला. आणि तरीही त्याला दोष देण्याचे धाडस आम्हास होत नाही. आम्हाला कोणी त्या फलाटावर परत पाठवू म्हटले असते, तर आम्ही नाही म्हटले असते काय?

आजीने काय म्हटले असते, याचा मात्र आम्हास थोडा अंदाज आहे. काकांच्या तिथीला ती दरवर्षी आल्बम काढी. पदराने ते छायाचित्र पुसून त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसे. एकदा, आठनऊ वर्षांचे असू, आम्ही तिला विचारले, "आजी, मग गाडी कधी सुटली गं?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "या फोटोत सुटत नाही रे ती."

आम्हाला वाटले, ती आता रडेल. पण तिने मधला पांढरा कागद नीट बसवला, आल्बम मिटून फडताळात ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता, भटजी खोळंबले होते. जाता जाता आम्हाला म्हणाली, "चल, पाट मांडायला घे. उशीर होतोय."